बाळाची छबी पाहूनच घ्या

पाळणा गॉलवेहून आला, पण वरवंटा काही आला नाही.

आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाकडे पाळणा एकच. कोणा नाशिककराने हौसेने कंटेनरमधून आणलेला, चार पायांवर उभा राहणारा सागवानी पाळणा. ज्याच्या घरी बारसं, त्याने आधीच्या घरून तो आणायचा, कड्यांना लिंबू लावून घासायचा आणि पुढच्याच्या हवाली करायचा, असा शिरस्ता. सोबत कापडी पिशवीत वरवंटाही फिरायचा, कारण डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या त्या एकसारख्या घरांत मिक्सर सगळ्यांकडे असला तरी पाटा-वरवंटा कोणाकडे असणार? या वेळी ती पिशवी गॉलवेत कोणाच्या तरी कपाटात राहून गेली.

“वरवंट्याशिवाय बारसं करायला ही काय भातुकली आहे?” सुमित्राआत्या म्हणाल्या. वय ब्याऐंशी, सांगलीहून येऊन आठ दिवस झालेले, आणि आठही दिवस त्यांना या घरातली एकेक गोष्ट खुपत होती. “आधी मोरू पाळण्यात जाणार, मग पोर. आपल्याकडे असंच आहे.”

आत्यांच्या माहेरी, म्हणजे आगवेकरांच्या घरात, वरवंट्याला मोरू म्हणतात. बाकीच्यांकडे वरवंट्याला कुंची घालून, पाळण्याखालून देता-घेता बायका ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ म्हणतात. आगवेकरांच्या बायका ‘कोणी मोरू घ्या’ म्हणतात. का, ते कोणी विचारलं नव्हतं. घरोघरी अशा शंभर गोष्टी असतात.

“आत्या, चारला पाहुणे येतील. आता दीड वाजलाय,” बाळाचा बाबा अभिजित म्हणाला. “वरवंट्याचं मी बघतो. माझ्याकडे आयडिया आहे.”

अभिजितच्या आयडियांनी दिवाणखाना आधीच भरला होता. सोफ्याच्या मागे, जिन्याखाली, टीव्हीच्या पुढ्यात, जिथे बघावं तिथे पिवळे खोके. तीनशे खोके, प्रत्येकात एक बाटली. डब्लिनच्या सँट्री भागातली त्याची नोकरी मे महिन्यात गेली. एका मेलने अडतीस जणांना घरी बसवलं, त्यात हा एक. त्यानंतर त्याने पणजोबांचं नाव बाहेर काढलं. सांगलीचे वैद्यराज गणेश आगवेकर यांचं ‘शिशुतोष’, 1907 पासून. औषध नव्हे, ते इथे कोण विकू देणार? तीळ-बदामाचं साधं, लेकरांना चोळायचं तेल. पण खोका जुना, चित्र जुनं, अक्षरं जुनी. कुंची घातलेलं, मुठीत बाटली धरलेलं, खुदकन हसणारं गुटगुटीत बाळ. शहरातल्या एका दुकानाने सोमवारपासून माल मांडायला फळी द्यायचं कबूल केलं होतं. दुकानाची मालकीण आज बारशालाही येणार होती.

त्याची बायको वृंदा जमिनीवर बसून खोक्यांवर ते बाळाचं चित्र चिकटवत होती. बाळंत होऊन तिला तीन आठवडे झाले होते.

रेवतीने ते पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. ती अभिजितची धाकटी बहीण. एनिसच्या हॉस्पिटलात औषधविभागात काम करते, अकराला निघून अडीच तास गाडी चालवत नुकतीच आली होती. आज तिचा मान मोठा, कारण ती बाळाची आत्या. कानात नाव तीच सांगणार.

“वहिनी, ऊठ आधी. टाके वाळले का तुझे? आणि दादा, तुला काही वाटतं का?”

“अगं, मीच म्हटलं करते,” वृंदा म्हणाली. “बसून तर करायचंय. आय ॲम ग्रँड, मस्त आहे मी.”

“ग्रँड म्हणे!” रेवतीने एक खोका उचलला, फिरवून पाहिला. “आणि हे काय? ‘आयरिश सर्जनने नावाजलेलं’? कोण हा सर्जन-मेजर ओ’हारा?”

“बाबांनी आणलेल्या पंचांगात त्यांचं पत्र आहे,” अभिजित म्हणाला. “दुकानवालीला तेच तर आवडलं. डब्लिनचा डॉक्टर सांगलीच्या औषधाचं कौतुक करतो. याहून चांगली स्टोरी कुठे मिळेल?”

“पंचांगाचे फोटो तू पाठवलेस तेव्हाच मी शोधला त्याला. त्या काळच्या लष्करी डॉक्टरांच्या छापील याद्या असतात. दोन रात्री बसले. असा माणूसच नाही, दादा.”

“यादीतून सुटला असेल.”

“सुटला नाही, तो कधी जन्मालाच आला नाही. सगळी पत्रं एकदा एकापुढे एक वाच. डब्लिनचा ओ’हारा, विजापूरचे मामलेदार, हुबळीचे स्टेशनमास्तर, सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, ‘आपले औषध म्हणजे केवळ अमृत होय.’ आयरिश सर्जनसुद्धा असलं मराठी लिहितो? पणजोबांनी एका बैठकीत बसून खरडलीत ही सगळी.”

आरामखुर्चीतून पद्माकर खाकरले, अभिजित-रेवतीचे वडील आणि आत्यांचे धाकटे भाऊ. एवढा वेळ ते मांडीवरची फाइल कुरवाळत गप्प बसले होते.

“रेवती, तोंड सांभाळ. ज्यांच्या नावावर तुम्ही शिकलात त्यांच्याबद्दल बोलते आहेस.”

पद्माकरांना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उलट बारीक होई. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांना अभिमान वाटावा असं स्वतःचं फारसं काही हातून घडलं नव्हतं. बँकेत चिकटले, बँकेतून निवृत्त झाले. अभिमान होता तो आजोबांचा. लहानपणी घराच्या माडीवर छपाईचे शिशाचे आणि लाकडाचे ठसे पडलेले असत, मेडलांचे, हत्तीचे, त्या बाळाचे. ठसे हातात घेऊन ते तासन् तास खेळले होते.

“तुम्हाला काय कल्पना आहे?” ते म्हणाले. “गोऱ्या कंपन्यांच्या बाटल्यांनी बाजार भरलेला. एक सांगलीचा वैद्य त्यांच्याशी टक्कर घेतो. दर पाडव्याला दहा हजार पंचांगं फुकट वाटायचे आजोबा. प्रत्येक पोस्टमास्तरला, प्रत्येक शाळामास्तरला. माणूस एकादशी बघायला पंचांग उघडणार, समोर शिशुतोष! मुंबईच्या प्रदर्शनात सोन्याचं पदक. कराचीपर्यंत पोस्टाच्या व्ही.पी.ने माल. नकला निघाल्या तर खाली ठळक ओळ, ‘बाळाची छबी पाहूनच घ्या, भामट्यांपासून सावध राहा.’ आणि प्रशस्तिपत्रं सगळेच छापत. गोरेही छापत. ती त्या काळची रीत होती.”

“खोटं बोलायची?”

“विकायची!”

“बाबा, त्यात अफू होती.”

 अभिजितची थोरली मुलगी, दहा वर्षांची रेवा, जिन्यावर फुगे फुगवत बसली होती, तिने तोंडातला फुगा काढला.

“पंचांगातच बारीक अक्षरात लिहिलंय, ‘अहिफेनाचा किंचित अंश’,” रेवती म्हणाली. “आणि वर मोठ्या अक्षरात, ‘तान्ह्यांस सर्वथा निर्धोक’. बाबा, मी रोज हेच काम करते. अफू दिली की तान्हं मूल रडायचं थांबतं. जास्त दिली की श्वास घ्यायचं थांबतं.”

“विलायती बाटल्यांतही असायची,” पद्माकर म्हणाले. “कोणाला माहीत होतं तेव्हा? आणि घरचं मूल वाढलंय त्याच्यावर. हे बघ.” त्यांनी फाइलमधून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं पिवळं पान काढलं. “हे पत्र तरी खोटं नाही. पाडवा, 1913. खाली सही कोणाची बघ. सौ. सत्यभामा गणेश आगवेकर. माझी आजी. ऐक. ‘माझा चिरंजीव मोरेश्वर दात येताना फार रडत असे. शिशुतोषाचे थेंब देऊ लागल्यापासून तो शांत निजतो व चित्रात दिसतो तसा गुटगुटीत झाला आहे. सर्व मातांनी अनुभव घ्यावा.’ आता बोल. स्वतःच्या मुलाबद्दल आई खोटं लिहील?”

रेवतीने हातातला खोका खाली ठेवला. वृंदा म्हणाली, “जाऊ दे ना रेवती, आज तरी.” अभिजितने वडिलांकडे कृतज्ञतेने पाहिलं. तिघं एकीकडे, रेवती दुसरीकडे, असा तो सामना तिथेच निकाली निघाल्यासारखा वाटला.

सुमित्राआत्या एवढा वेळ देवासमोर वाती वळत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले होते. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तीन वाजता वृंदाने बाळाला दूध पाजलं, तीट लावली, काठापदराच्या साडीचं झबलं घातलं. पाळण्याला फुलं बांधून झाली. अभिजितने खिडकीशी फोन एका स्टँडवर लावला आणि रेवाला कुठे उभं राहायचं ते सांगितलं.

“पाहुण्यांआधी एकदा करून बघू,” तो म्हणाला. “म्हणजे व्हिडिओ नीट येईल. आत्या, तुझा वरवंट्याचा प्रश्न सुटला. हे बघ.”

त्याने पिवळा खोका उचलला, त्याला बाळाची जरीची कुंची चढवली आणि पाळण्यात ठेवला. कुंचीच्या खाली छापील बाळाचं तोंड बरोबर दिसत होतं. त्याची स्वतःची कुंची, तिच्यावर ही खरी कुंची.

“आधी शिशुतोष पाळण्यात, मग आमची लेक. एकशे अठरा वर्षांची परंपरा. कसं वाटतंय?”

“सो क्यूट,” रेवा म्हणाली.

“काढ ते,” सुमित्राआत्या म्हणाल्या.

“अगं आत्या, वरवंटा नाहीये तर—”

“काढ म्हणते ना! हात मोडेन तुझा!”

आत्या उठून पाळण्यापाशी आल्या. ल्यूकनमध्ये काय, सांगलीतही त्यांचा असला आवाज कोणी ऐकला नव्हता. पद्माकर घाबरून उठले. “अक्का, काय झालं? बस, बस तू. पाणी आण गं रेवती.”

“पाणी नको मला. तू बस, पद्मा. तू आत्ता जे पत्र वाचलंस ना, ते कोणाबद्दल आहे माहीत आहे तुला?”

“आपल्या थोरल्या काकांबद्दल. लहानपणीच तापाने गेले ते.”

“तापाने नाही गेला.” त्या पाळण्याची कड धरून उभ्या होत्या. “माझ्या पहिल्या बाळाच्या बारशाच्या वेळी आजीने मला सांगितलं. सासरी जाणाऱ्या लेकीला सांगायचं, दुसऱ्या कोणाला नाही, असं म्हणाली. मी गप्प बसले साठ वर्षं. अकरा महिन्यांचा होता मोरू. दात येत होते, रात्रंदिवस रडायचा. आजोबा मुंबईला निघालेले, त्या तुझ्या सोन्याच्या पदकासाठी. जाताना बाटली देऊन गेले. रडला की दहा थेंब दे, म्हणाले. ती एकोणीस वर्षांची पोर. रडला, दिले. परत रडला, परत दिले. नवऱ्याने सांगितलेलं, बाटलीवर निर्धोक लिहिलेलं. सकाळी मोरू उठलाच नाही.”

 पाळण्यातलं छापील बाळ तेवढं हसत होतं.

“त्या पाडव्याच्या आधीच्याच भाद्रपदात गेला. आजोबा पदक घेऊन परत आले. मुंबईला जायच्या आधीच त्यांनी स्टुडिओत मोरूचा फोटो काढून घेतला होता, ठसा करायला दिला होता. पाडव्याला दहा हजार पंचांगं निघाली. माझा मोरू दहा हजार घरांत हसत होता आणि घरात नव्हता, असं म्हणायची आजी. आणि ते पत्र? तिला अक्षरओळख नव्हती, पद्मा. सही कुठून करेल ती?”

पद्माकरांच्या हातातलं पाकीट खाली आलं.

“बाटल्यांवर चिठ्ठ्या घरच्या बायका लावायच्या,” आत्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता, पण राग तसाच होता. “गव्हाच्या खळीने. तीस वर्षं ती ओसरीवर बसून बाटल्यांवर स्वतःच्या मेलेल्या पोराचं तोंड चिकटवत होती. एक नाही, दोन नाही, लाखांनी. नाही म्हणायची सोय नव्हती. एवढंच तिने केलं, की घरात कोणाचंही बारसं असो, आधी मोरूला पाळण्यात ठेवायला लावलं. कोणाला कारण न सांगता. तिला तेवढंच करता आलं.”

वृंदाच्या हाताला अजून डिंकाचा वास येत होता. सकाळपासून तिने एकशे चाळीस खोक्यांवर ते तोंड चिकटवलं होतं. नीट बसावं म्हणून गालावरून अंगठा फिरवला होता. तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि तिला एकदम संताप आला. गणेश वैद्यांचा आला, पण ते मरून गेलेले. समोर उभ्या असलेल्या अभिजितचा आला.

“आत्या, आय ॲम सॉरी,” अभिजित म्हणाला. तो खरोखरच हादरला होता. “मला खरंच माहीत नव्हतं. पत्र वापरणार नाही. तो ओ’हाराही काढतो. पण चित्र... म्हणजे बघा ना, चित्र कोणाचं आहे ते बाहेर कोणाला माहीत नाही. तेलात काही वाईट नाही. सोमवारी माल द्यायचाय. आता नवीन छापायचं म्हणजे महिना जाईल, ती बाई थांबणार आहे का? माझ्याकडे दुसरं काही आहे का?”

“काय म्हणालास? कोणाला माहीत नाही?” रेवती पुढे सरसावली. “तुला माहीत आहे आता! दादा, पणजोबांना निदान—”

“थांब रेवती,” वृंदा म्हणाली. “मी बोलते.”

ती अभिजितच्या समोर जाऊन उभी राहिली.

“चित्र तर हवंच ना खोक्यावर? मग हिचं लाव.”

“कोणाचं?”

“हिचं. अनुयाचं. आजच बारसं आहे, कुंची आहे, कॅमेरा लावलेलाच आहे. काढ फोटो. मी पत्रही देते. मला लिहिता येतं, सही करते खाली. लाव तीनशे खोक्यांवर. उद्या हिला काही झालं तरी काढायचं नाही हं. माल संपेपर्यंत विकायचं.”

“वृंदा!” तो ओरडला. “काय बोलतेस! तोंडात येतं कसं तुझ्या?”

“माझ्या तोंडात येतं, आणि तुझ्या हातून होतं. त्या पोराचं चालतं, हिचं का नाही चालत? ती तुझी म्हणून? अरे, तोही कोणाचा तरीच होता. आपलाच होता!”

 अभिजितने मुलीकडे पाहिलं. तिने जांभई दिली. तो खाली बसला, खोक्यांच्या मधेच, आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं. गेले सहा महिने तो रडला नव्हता, मेल आला तेव्हासुद्धा नाही. आता रडला.

रेवा फुगा हातात धरून पाळण्यापाशी आली. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर नेहमी आयरिश इंग्रजीत देते.

“सो दॅट्स अ रिअल बेबी?” तिने आत्यांना विचारलं.

“हो बाळा,” आत्या म्हणाल्या. त्यांना प्रश्न कसा कळला कोण जाणे. “खरा होता.”

मग सुमित्राआत्यांनी कात्री मागितली. पाळण्यातला खोका त्यांनी बाहेर काढला, कुंची सोडवली, आणि चित्राच्या कडेकडेने हलक्या हाताने कापायला लागल्या. ‘शिशुतोष’ गेलं. 1907 गेलं. आयरिश सर्जन गेला. मुठीतल्या बाटलीशी येऊन त्यांनी कात्री खाली ठेवली, तेव्हा रेवतीने कात्री घेतली आणि ती बाटली कापून टाकली. उरलं ते एक हसरं पोर, एका हाताची मूठ नसलेलं.

वृंदाने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. त्याला चित्र बांधलं, वर कुंची घातली. दारावर पावणेचारलाच घंटा वाजली. कोणीतरी लवकर आलं होतं.

“मी सांगतो त्यांना थांबायला,” अभिजित डोळे पुसत उठला. दाराकडे जाताना त्याने खिडकीतला फोन बंद केला आणि स्टँड काढून जिन्याखाली टाकला. “आणि त्या दुकानवालीलाही सांगतो. सोमवार नाही म्हणून.”

पाळण्याच्या एका बाजूला सुमित्राआत्या उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला रेवती. आत्यांनी कुंचीतला तो मोरू दोन्ही हातांवर घेतला, पाळण्याखालून पुढे केला. आजपर्यंत जे त्या नुसतं म्हणत आल्या होत्या, ते आज त्यांनी हाक मारल्यासारखं म्हटलं.

“कोणी मोरू घ्या.”

रेवतीने हात पुढे केला, तेवढ्यात तिला कोणीतरी बाजूला सारलं. पद्माकर गुडघ्यांवर कसेबसे खाली बसले होते. आगवेकरांच्या घरात या कामाला पुरुषाने कधी हात लावला नव्हता. त्यांनी पाळण्याखाली दोन्ही हात पसरले.

“इकडे दे, अक्का,” ते म्हणाले. “माझा काका आहे तो.”